डिस्पर्स्ड कॅम्पिंग म्हणजे नक्की काय, आणि टेंट टाकायचा तरी कुठे?

ऑक्टोबर आला की इकडे व्हर्जिनियात सगळ्यांना एकदम डोंगरात जायचं असतं, पानं लाल पिवळी झालेली असतात, हवा कोरडी असते, आणि वीकेंडसाठी कॅम्पग्राउंड शोधायला जावं तर एकही जागा शिल्लक नसते कारण लोकांनी काही महिने आधीच बुक करून ठेवलेलं असतं. मग मला ठरलेला फोन येतो, अरे तुम्ही ते जंगलात फुकट राहता ना, ते कुठे करतात, जरा लोकेशन पाठव. आता लोकेशन पाठवून हे काम होत नाही, जागा आपली आपणच शोधावी लागते, आणि ती कशी शोधायची हे फोनवर दहा मिनिटांत सांगता येत नाही, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहितोय.

याला इथे डिस्पर्स्ड कॅम्पिंग म्हणतात, म्हणजे विखुरलेलं. कॅम्पग्राउंडमध्ये सगळे एकाच ठिकाणी, नंबर लावलेल्या खांबाजवळ, आखून दिलेल्या जागेत राहतात. इथे जो तो आपली जागा शोधतो आणि माणसं जंगलभर विखरून राहतात. पैसे नाहीत, बुकिंग नाही, बहुतेक ठिकाणी परमिटसुद्धा नाही. आणि नळ नाही, संडास नाही, टेबल नाही, कचऱ्याचा डबा नाही, रात्री काही झालं तर धावत येणारं कोणी नाही.

सह्याद्रीत ट्रेक केलेल्यांना वाटतं यात काय विशेष, आपण राजगडला पद्मावतीच्या देवळात झोपलोय, हरिश्चंद्रगडाच्या गुहेत झोपलोय. मलाही तसंच वाटलं होतं. पण तिथे पायथ्याला गाव असतं हो. वाट चुकली तर गुरांमागचा एखादा पोरगा भेटतो, टाक्यात पाणी असतं, खाली उतरलं की कुणाच्या तरी ओसरीवर पिठलं भाकरी मिळते. सह्याद्रीतल्या डोंगरात माणूस मुरलेला आहे. इथे गाडी लावून दोन मैल आत गेलात की पुढचे दोन दिवस कदाचित कोणीच दिसणार नाही, आणि गावातली माणसं जे आपल्यासाठी न सांगता करत असतात ते सगळं इथे आपल्याला करावं लागतं.

आधी हे समजून घेऊ की सरकार असं राहू का देतं, कारण ते कळलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

अमेरिकेत नॅशनल पार्क वेगळं आणि नॅशनल फॉरेस्ट वेगळं, आपल्यातले कितीतरी जण इथेच गोंधळतात. शेनान्डोह हे पार्क. पार्क सर्व्हिस इंटिरिअर खात्याखाली येते आणि जागा आहे तशी जपणं हे तिचं मुख्य काम, म्हणून तिथे रानात राहायचं तर बॅककंट्री परमिट काढावं लागतं. फॉरेस्ट सर्व्हिस मात्र शेती खात्याखाली येते, १९०५ पासून. तिथे जंगलाकडे वापराच्या नजरेने बघतात. १९६० च्या एका कायद्यात लोकांचं हिंडणं फिरणं, चराई, लाकूड, पाणलोट आणि वन्यजीव असे सगळे वापर एका ओळीत लिहिलेत, त्यामुळे तुम्ही तिथे येऊन राहणं हा त्या जंगलाच्या ठरलेल्या कामांपैकीच एक भाग आहे, कोणी मेहेरबानी करत नाहीये. तिसरं नाव ऐकाल ते बीएलएम, म्हणजे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, त्यांच्याकडे सगळ्यात जास्त जमीन आहे, सुमारे साडेचोवीस कोटी एकर, पण ती जवळपास सगळी पश्चिमेला, नेवाडा, युटा त्या बाजूला. आम्ही पूर्वेचे लोक त्यामुळे फॉरेस्टवालेच.

आणि पूर्वेची गोष्ट मला फार जवळची वाटते. इथले ऍपलेशियन डोंगर मुळात खाजगी मालकीचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला लाकूड कंपन्यांनी ते अक्षरशः बोडके केले, थेट घळींमध्ये रेल्वे नेली, तोडून टाकलेल्या फांद्यांना आगी लागल्या, माती वाहून गेली, आणि खालच्या गावांना पुराचा तडाखा बसायला लागला. मग १९११ साली वीक्स ऍक्ट आला. त्या कायद्याने केंद्र सरकारला नद्यांच्या उगमाकडची जमीन विकत घेता आली, आणि ही जळकी, तुटकी, कोणालाच नको असलेली जमीन तुकड्या तुकड्याने घेतली गेली. वेस्ट व्हर्जिनियातलं मोनोंगाहेला नॅशनल फॉरेस्ट १९२० साली असंच उभं राहिलं, आज ते नऊ लाख एकरांच्या वर आहे. त्याला लागूनच जॉर्ज वॉशिंग्टन आणि जेफरसन ही जोडफॉरेस्ट, दोन्ही मिळून अठरा लाख एकरांच्या आसपास. आपण ज्या दाट झाडीखाली टेंट टाकतो ती गेल्या शंभर वर्षांत परत उगवलेली झाडी आहे. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी रात्रभर त्याच झाडांकडे वेगळ्या डोळ्यांनी बघत होतो.

आता त्या तुकड्या तुकड्याचा आपल्याशी थेट संबंध आहे. फोनवरच्या नकाशात हिरवं दिसलं म्हणजे सगळं सरकारी असं धरून चालू नका. फॉरेस्टच्या हद्दीच्या आतसुद्धा मधेच कोणाचं शेत असतं, कोणाचं केबिन असतं, कुठे शिकार क्लबची जमीन असते. बऱ्याच राज्यांत झाडावर जांभळ्या रंगाचा उभा पट्टा असेल तर ती खाजगी जमीन, पाटी नसली तरी आत जायचं नाही. म्हणून दोन नकाशे लागतात. एक मालकी दाखवणारा, त्यासाठी ऑनएक्ससारखी ऍप आहेत. दुसरा फॉरेस्ट सर्व्हिसचा स्वतःचा मोटर व्हेइकल यूज मॅप, लोक एमव्हीयूएम म्हणतात. दिसायला अगदी रुक्ष, काळा पांढरा, कोणत्या रस्त्यावर कोणत्या महिन्यांत कोणती गाडी चालते एवढंच सांगणारा. पण काही रस्त्यांच्या कडेने त्यावर बारीक ठिपके काढलेले असतात, आणि आपल्याला हवे ते हेच ठिपके, कारण तिथे गाडी रस्त्यावरून थोडी आत घेऊन मुक्काम करायला परवानगी असते. किती आत ते त्याच नकाशाच्या मजकुरात लिहिलेलं असतं, आणि ते फॉरेस्टगणिक बदलतं. नकाशा फुकट मिळतो, ऍव्हेन्झा ऍपमध्ये घरूनच उतरवून ठेवला की नेट नसतानाही आपण कुठे आहोत ते त्यावर दिसत राहतं.

रस्त्यांच्या पाट्यांचंही एक गणित आहे जे कोणी सांगत नाही. फॉरेस्ट रोडचा नंबर आडव्या पाटीवर लिहिलेला असेल तर साधारण साधी गाडी जाते. आकडे एकाखाली एक असे उभे लिहिलेले असतील तर तो रस्ता जमिनीपासून पोट उंच असलेल्या गाड्यांचा. मला हे पहिल्या वर्षी माहीत नव्हतं, आमची सेडान उभ्या आकड्यांच्या रस्त्यावर घातली, दीड मैलावर पावसाने कापलेली चर आडवी आली, वळवायला जागा नाही, एका बाजूला दरड आणि एका बाजूला उतार, शेवटी बायको टॉर्च घेऊन मागे चालत राहिली आणि मी अर्धा मैल अंधारात रिव्हर्स घेत आलो. मुलगी मागच्या सीटवर गप्प बसून होती, एरवी ती गप्प बसत नाही. तेव्हापासून उजेड असताना पोचायचं, हा आमचा घरचा नियम आहे.

जागा कायद्याने चालणारी मिळाली की मग चांगली जागा शोधायची, आणि माझ्या मते सगळं कसब इथेच आहे. कोणीतरी आधी राहून गेलेली, माती दाबली गेलेली जागा मिळाली तर तीच घ्या, नवीन गवत तुडवू नका. ओढ्यापासून दोनशे फूट लांब, म्हणजे मोठ्या माणसाची साधारण सत्तर पावलं. ओढ्याकाठी राहायचा मोह सगळ्यांनाच होतो, पण रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली ओघळते आणि दरीच्या तळाशी साचते. आम्ही एकदा अशाच तळाशी मऊ गवतावर टेंट टाकला होता, सकाळी आतून टेंटच्या कापडाला हात लावला तर पाणी गळायला लागलं, स्लीपिंग बॅगा ओल्या, आणि पन्नास फूट वर असलेल्या शेजारच्या टेंटवाल्यांचं सगळं कोरडं ठणठणीत. माथ्यावर उघड्यावर राहिलात तर वारा आणि विजा. खिंडीत राहिलात तर वारा नुसता चाळणीतून गेल्यासारखा जातो. म्हणून मी नकाशावर डोंगराची सोंड बघतो, माथ्याच्या जरा खाली, जिथे काँटूरच्या, म्हणजे सारखी उंची दाखवणाऱ्या रेषा थोड्या लांब लांब गेल्यात, तिथे छोटी सपाटी असते.

तिथे गेल्यावर सॅक उतरवायच्या आधी वर बघा. इकडे ऍशची झाडं एमराल्ड ऍश बोरर नावाच्या हिरव्या भुंग्याने मारून टाकलीत, हा भुंगा २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडला आणि तेव्हापासून कोट्यवधी झाडं मेली. हेमलॉकची झाडं दुसऱ्या एका किडीने वाळलीत. अशी वाळकी झाडं उभीच्या उभी असतात, उन्हाळ्यात इतर पानांमध्ये लपतात, आणि वारा सुटला की फांदी खाली येते. ज्या झाडाला पान नाही, साल सुटलीये, त्याच्या उंचीइतक्या अंतरात टेंट नको. मग खाली बघा. पडलेली पानं एका दिशेला विंचरल्यासारखी झोपलेली असतील, काटक्या एका रेषेत अडकलेल्या असतील, तर तिथून पावसाचं पाणी जातं, आज कितीही कोरडं असो. १९६९ च्या ऑगस्टमध्ये कमील वादळाचा उरलेला पाऊस व्हर्जिनियाच्या नेल्सन काउंटीत एका रात्रीत काही ठिकाणी पंचवीस इंचांच्या वर पडला, डोंगराचे उतारच्या उतार सुटून खाली आले आणि शंभरावर माणसं गेली. ज्यांना माळीण आठवतं त्यांना यावर जास्त सांगायला नको. फोरकास्टमध्ये वादळाचा शेपटा दिसला तर बेत पुढे ढकला, डोंगर कुठे जात नाहीत.

आता संडासाबद्दल, कारण यावर कोणी बोलत नाही आणि सगळ्यात जास्त घाण यानेच होते. खुरपं न्यायचं. पाण्यापासून, वाटेपासून आणि टेंटपासून तीच सत्तर पावलं लांब जायचं, सहा ते आठ इंच खोल खड्डा खणायचा, वरची पानं आणि काळी माती बाजूला ठेवायची. खोली एवढीच का, तर विष्ठा कुजवणारे जीवजंतू वरच्या काळ्या मातीत असतात, फार खोल गेलात तर ते तिथे नसतात, आणि फार वर ठेवलंत तर जनावरं उकरतात. आपल्याकडे पाणी वापरतात ते उत्तमच आहे, बाटली घेऊन जा, पण धुणंही त्या खड्ड्यावरच व्हायला पाहिजे, ओढ्यावर अजिबात नाही. कागद वापरलात तर तो आणि पॅड, डायपर, वेट वाइप्स हे सगळं झिपच्या पिशवीत बंद करून घरी परत. पुरलेला वेट वाइप दुसऱ्या वर्षी तसाच्या तसा वर आलेला मी बघितलाय. नंतर माती लोटून पानं परत पसरायची. मुलांना हे घरी शिकवून आणा, अंगणात खड्डा खणायला त्यांना मजा वाटते.

अस्वलांबद्दल सगळे आधी विचारतात. पूर्वेला काळं अस्वल, ग्रिझली इकडे नाही. काळं अस्वल माणसाला टाळतं, त्याला हवं असतं ते आपलं खाणं, आणि एकदा का त्याला माणसाच्या सॅकमध्ये खाणं मिळतं हे कळलं की ते पुन्हा पुन्हा येतं आणि शेवटी बहुतेक वेळा ते अस्वलच मारलं जातं. म्हणजे आपल्या एका चिवड्याच्या पुड्यापायी. फोडणीचा वास किती लांब जातो हे आपल्याला अपार्टमेंटच्या जिन्यातसुद्धा कळतं, त्यामुळे स्वयंपाक टेंटपासून दोनशे फूट लांब करायचा, जेवलेल्या कपड्यात झोपायचं नाही, आणि खाण्याचं सगळं, शिवाय टूथपेस्ट, क्रीम, मुलांच्या खिशातलं चॉकलेट, एका पिशवीत भरून दोरीने फांदीवर टांगायचं, जमिनीपासून दहा बारा फूट वर आणि खोडापासून निदान चार फूट लांब. अशी फांदी शोधण्यात अर्धा तास जातो, म्हणून आम्ही आता जाड प्लॅस्टिकचा बेअर कॅनिस्टर नेतो, जड आहे पण डोक्याला त्रास नाही. समोर अस्वल आलंच तर पळायचं नाही, हात वर करून मोठं दिसायचं, मोठ्याने बोलायचं, आणि त्याला जायला वाट ठेवायची.

शेकोटी. माझं मत स्पष्ट आहे, स्टोव्ह न्या आणि शेकोटी अगदी करायचीच असेल तर आधीच काळी झालेली दगडांची रिंग असेल तिथेच करा. व्हर्जिनियात १५ फेब्रुवारी ते ३० एप्रिल या काळात रानाच्या जवळ दुपारी चारच्या आधी उघड्यावर काहीही पेटवायला बंदी आहे, कारण त्या दिवसांत झाडांना पानं नसतात, खालचा पाचोळा उन्हाने कुरकुरीत होतो आणि वारा सुटतो. घरून लाकडं आणू नका, ऍशची झाडं मारणारा तो भुंगा सालीखाली बसून अशाच सरपणातून राज्याराज्यात पसरला. खाली पडलेल्या, मनगटाहून बारीक, कटकन मोडणाऱ्या काटक्या घ्या. आणि विझवणं हे पेटवण्यापेक्षा मोठं काम आहे. पाणी ओतलं की चर्र होतं, वाफ येते, लोक म्हणतात झालं. काही झालेलं नसतं. काठीने ढवळा, तळचे निखारे वर आणा, परत पाणी, परत ढवळा, राखेचा चिखल होईपर्यंत. मग हाताची पालथी बाजू राखेजवळ न्या, ऊब लागत नसेल तर हळूच हात आत घाला, बोटांनी चाचपा, दगडांच्या खालची माती चाचपा. माझ्या हाताला एकदा बरोबर एका दगडाच्या बुडाशी, वरून सगळं गार झालेलं असताना, चटका बसला होता, एक मूळ आतल्या आत धुमसत होतं. आम्ही निघायला उभे होतो. परत ओढ्यावर जाऊन दोन खेपा आणल्या, आणि ते मूळ खणून काढलं. हात गार राखेत आरामात राहिला पाहिजे, तोपर्यंत निघायचं नाही.

ओढ्याचं पाणी कितीही नितळ असलं तरी फिल्टर करा नाहीतर खळखळून एक मिनिट उकळा, पाण्यातल्या जिआर्डिया नावाच्या सूक्ष्म जंतूची लागण झाली तर पोटाची वाट लागते. थंडीत फिल्टर स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा, एकदा गोठला की तो आतून तडकलेला असू शकतो आणि बाहेरून कळत नाही. गोचिडी इथे अस्वलापेक्षा जास्त धोक्याच्या, त्यांच्यापासून लाइम नावाचा आजार होतो, कपड्यांवर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मारा, रोज रात्री टॉर्च लावून गुडघ्यामागे, काखेत, केसांत बघा, चिकटलेली सापडली तर चिमट्याने अगदी कातडीजवळ धरून सरळ वर ओढा. नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा सीझन असतो, तेव्हा भडक केशरी टोपी जॅकेट मुलांसकट सगळ्यांना.

फोनचं वेगळं सांगतो. वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्रीन बँकला मोठी रेडिओ दुर्बीण आहे, तिच्या आसपास १९५८ पासून तेरा हजार चौरस मैलांचा क्वाएट झोन आहे जिथे रेडिओ लहरींवर बंधनं आहेत, आणि मोनोंगाहेलाचा मोठा भाग त्यातच येतो. तिथे फोनला रेंज नसणं हे बिघाडाचं लक्षण नाही, तसंच असतं. म्हणून घरच्या एका माणसाकडे कागदावर लिहून द्या, कोणता फॉरेस्ट रोड, गाडी कुठे लावणार, कधी परतणार, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचं. सॅटेलाइटवर एसओएस पाठवणारं यंत्र असेल तर उत्तम, पण त्याला उघडं आभाळ लागतं, दाट झाडीत वेळ लागतो. मोनोंगाहेलातल्याच डॉली सॉड्स या भागात जाणार असाल तर अजून एक, १९४३-४४ मध्ये सैन्याने तिथे तोफांचा सराव केला होता आणि न फुटलेले गोळे अजूनही सापडतात, गंजलेलं लोखंड दिसलं तर हात लावायचा नाही, जागा लक्षात ठेवून कळवायचं. तो भाग वाइल्डरनेस आहे, म्हणजे १९६४ च्या कायद्याखाली गाडी, सायकल, काहीच चालत नाही, आणि एका ग्रुपमध्ये दहाच माणसं.

यावरून ग्रुपचं आठवलं. मंडळाची ट्रिप काढू, पन्नास शंभर लोक जाऊ, असं दरवर्षी कोणीतरी म्हणतं. नॅशनल फॉरेस्टमध्ये पंच्याहत्तर किंवा जास्त माणसांना परमिट लागतं, पण मुळात पंचवीस माणसं एका सपाटीवर तीन दिवस राहिली, त्यांची जेवणं, भांडी, खड्डे, तर ती सपाटी पुढची काही वर्षं सावरत नाही. मोठा ग्रुप असेल तर पैसे भरून ग्रुप कॅम्पग्राउंड घ्या, तिथे संडास आहेत, नळ आहेत, आजी आजोबाही येतील. डिस्पर्स्डला दोन कुटुंबं पुरे. आणि एका जागी बहुतेक ठिकाणी चौदा दिवसांच्या वर राहता येत नाही, पण आपल्याला एवढी सुट्टी मिळतेय कुठे.

पहिल्यांदा जाताय तर हे सगळं डोक्यात ठेवूनसुद्धा एक फोन करा, त्या भागाच्या रेंजर डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे फॉरेस्ट सर्व्हिसच्या स्थानिक विभागाच्या ऑफिसला. अमुक नंबरच्या रस्त्यावर राहायचंय, रस्ता उघडा आहे का, शेकोटीला बंदी आहे का, ओढ्याला पाणी आहे का, हे तीन प्रश्न विचारा. मी आजवर जेव्हा जेव्हा फोन केला तेव्हा समोरच्या माणसाने नकाशा उघडून बसून सांगितलं, एकदा तर एका बाईंनी न विचारता सांगितलं की पुढच्या वळणावरचा पूल वाहून गेलाय, अलीकडच्या सोंडेवर राहा, तिथून सकाळी धुकं खाली दिसतं. ऑफिसं बहुतेक शनिवार रविवार बंद असतात, तेव्हा फोन शुक्रवारी दुपारच्या आत करा.